कोथरूडमधलं ९०० चौरस फुटांचं सीए ऑफिस: १४ जणांचं फर्निचर कसं बसवावं?

धागाकर्ती: जमाखर्च

नमस्कार मंडळी. व्यावसायिक इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा आहे. कारपेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ३६ फूट × २५ फूट, लांब बाजू पूर्व-पश्चिम. दार पूर्वेला. खिडक्या फक्त पश्चिमेच्या २५ फुटी भिंतीत, सलग. उत्तर आणि दक्षिण भिंतींना शेजारचे गाळे, म्हणून दोन्ही कोऱ्या. दक्षिण भिंतीपासून साधारण १० फुटांवर एक कॉलम आहे. ईशान्य कोपऱ्यात ८ × ५ ची पॅन्ट्री. स्वच्छतागृह बाहेर, सामायिक. व्हिट्रिफाइड टाइल्स बसवलेल्या आहेत.

माणसं: दोन भागीदार, अकरा कर्मचारी आणि आर्टिकल (सीए होण्यासाठी उमेदवारी करणारे विद्यार्थी) मिळून, एक रिसेप्शनवर. बॉक्स फायली सातशेच्या आसपास.

आत्ताचा आराखडा असा: पश्चिमेला खिडकीलगत १२ × १२ च्या दोन केबिन, मधोमध सहाजणांची कॉन्फरन्स रूम, उरलेल्या जागेत वर्कस्टेशन.

विचारायचं आहे ते:
मोड्युलर (कारखान्यात तयार होऊन इथे जोडलं जाणारं) घ्यावं की सुताराकडून करून घ्यावं? टेबल ४ फुटी की साडेतीन? फायलींना कॉम्पॅक्टर (रुळांवर सरकून एकमेकांना चिकटणारी कपाटं) बसवावा का? आणि खुर्च्यांवर किती हात सैल सोडायचा?

प्रतिसाद १: आखीवरेखीव

आधी आराखडा बदला, टेबलं नंतर निवडू. २५ फुटांच्या खिडकीतले २४ फूट केबिनना दिले की बाकी बाराजण दिवसभर ट्यूबलाइटखाली. शिवाय पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर थेट भागीदारांच्याच डोळ्यांवर येणार, म्हणजे पडदे कायम बंद. उजेड कोणालाच नाही.

मी असं मांडेन. दक्षिण भिंतीलगत १० फूट खोलीची एक रांग करा. पश्चिमेकडून क्रमाने केबिन १० फूट, केबिन १० फूट, कॉन्फरन्स १२ फूट, आणि शेवटी ४ फुटांची यूपीएस व फायलींची खोली. झाले ३६. कॉन्फरन्सचं दार रिसेप्शनच्या बाजूला येतं, त्यामुळे क्लायंटला कामाच्या टेबलांमधून जावं लागत नाही. दुसऱ्याच्या फायली उघड्या असतात तिथे हे महत्त्वाचं. पार्टिशनची बाहेरची रेषा कॉलमच्या उत्तर बाजूशी जुळवा, म्हणजे कॉलम आत गिळला जातो आणि वाटेत कोपरा निघत नाही.

उरली उत्तरेकडची १५ फूट रुंद पट्टी. तिचे पूर्वेचे ८ फूट रिसेप्शन आणि पॅन्ट्रीला, बाकी २८ फूट × १५ फूट कामाला.

टेबलांची रांग पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे माणसं उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून बसतील आणि खिडकी कडेला राहील. रांग उत्तर-दक्षिण लावली तर निम्म्यांच्या डोळ्यात ऊन आणि निम्म्यांच्या स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंब. पडदा पाडून हे अर्धंच सुटतं.

१५ फुटांचा हिशेब असा: उत्तर भिंत ते टेबल ४ फूट, समोरासमोर दोन टेबलं मिळून साडेचार फूट (प्रत्येकी २ फूट ३ इंच), टेबल ते केबिनचं पार्टिशन साडेसहा फूट. या साडेसहात खुर्चीला अडीच गेले की ४ फुटांची मुख्य वाट उरते. उत्तरेच्या ४ फुटांत बसलेल्याच्या मागून आडवं होऊन जाता येतं. म्हणूनच २१-२४ फुटांची एकच सलग रांग नको. सहा-सहाचे दोन गट करा आणि मध्ये ३ फुटांची फट ठेवा. मग कोणालाही जास्तीत जास्त दोघांच्या मागून जावं लागतं.

साडेतीन फुटी टेबल धरलं तर एक गट साडेदहा फूट. दोन गट २१, फट ३, खिडकीपाशी ३, एकूण २७. एक फूट शिल्लक. जागा झाल्या बारा, लागतात अकरा. बारावी बाहेरून येणाऱ्या ऑडिटरला.

केबिनची दारं आत उघडणारी किंवा सरकती घ्या. बाहेर उघडणारं दार त्या ४ फुटी वाटेतले अडीच फूट खातं.

प्रतिसाद २: वहीखातं

आराखड्याला +१, पण साडेतीन फूट सीए ऑफिसला अपुरं आहे. नंबर पॅडसह कीबोर्ड १८ इंच. शेजारी उघडी बॉक्स फाइल २४ ते २६ इंच. दोन्ही मिळून ४२ ते ४४, आणि तुमचं टेबल आहे ४२ इंच. पाण्याची बाटली, कॅल्क्युलेटर, माऊस कुठे ठेवायचे? व्हाउचर मांडीवर घेऊन एंट्री करणारी माणसं अशाच ऑफिसात दिसतात.

मात्र अकराही जणांना ४ फूट लागत नाही. आर्टिकल वर्षातले बरेच दिवस क्लायंटकडे असतात आणि लॅपटॉपवर काम करतात. तेव्हा एक गट ४ फुटी (१२ फूट), दुसरा साडेतीन फुटी (साडेदहा). मिळून साडेबावीस, मधली फट ३, खिडकीपाशी अडीच. बरोबर २८. खिडकीजवळचा गट आर्टिकलचा ठेवा, आतला कायमच्या लोकांचा. फायलींची ये-जा आतल्या बाजूला जास्त असते.

आर्टिकल बाहेर असतात म्हणून जागाच कमी करा, असा सल्ला मिळेल. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या वेळी सगळे एकाच दिवशी ऑफिसात असतात, तेव्हा मोजा.

प्रतिसाद ३: जमाखर्च

दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. भागीदारांपैकी एकाला खिडकी मिळणार आणि दुसऱ्याला नाही, हे घरगुती राजकारण मी सांभाळते. टेबलाची खोली २ फूट पुरेल का? आमच्या सुताराचं म्हणणं आहे की २ फूट ३ इंच घेतलं तर शीट वाया जाते.

प्रतिसाद ४: रंधा

सुताराचं गणित बरोबर आहे. शीट ८ × ४ फुटांची, म्हणजे ९६ × ४८ इंच. २४ इंच खोलीचे चार टॉप निघतात. (करवतीची पात दर कापाला ३-४ मिमी खाते, म्हणून प्रत्यक्षात पावणेचोवीसच्या पुढे.) २७ इंच घेतलं की तीनच निघतात आणि १५ इंचाची पट्टी उरते. बारा टेबलांना तीन शीटऐवजी चार. पण ती पट्टी वाया जात नाही, टेबलाखाली समोरून पाय झाकणाऱ्या फळीला लागते.

२ फूट पुरतं का, हे मॉनिटरवर ठरतं. २४ इंची मॉनिटरचं स्टँड मागे जवळपास ८ इंच खातं, म्हणून २४ इंच खोलीच्या टेबलावर स्क्रीन नाकाशी येते. डोळ्यापासून ५० ते ७० सेंटिमीटर अंतर हवं. टेबलाला चिमट्याने बसणारा मॉनिटर आर्म घेतला तर २ फुटांत जमतं. बारा आर्मचा खर्च आणि एक जादा शीट यांची तुलना करून बघा.

आता मोड्युलर की सुतार. माझ्या मते टेबलं मोड्युलर, भिंतीला चिकटणारी कपाटं आणि पॅन्ट्री सुताराकडून.

मोड्युलरमध्ये टॉप २५ मिमी प्रीलॅम (आधीच लॅमिनेट चढवलेल्या) पार्टिकल बोर्डचा (भारतीय मानक आयएस १२८२३) असतो, कडेला २ मिमी पीव्हीसी एजबँड (कडपट्टी) यंत्रावर गरम गोंदाने चिकटवलेला. खाली लोखंडी चौकट आणि मधून आडवी बीम असेल तर ४ फुटांत टॉप झुकत नाही. ०.८ मिमीचा एजबँड टेबलाच्या पुढच्या कडेला स्वीकारू नका. मनगट आणि घड्याळ घासून वर्षभरात कोपरे उकलतात. पायांचा पाइप ५० × ५० असेल तर जाडी विचारा. १.६ मिमीच्या खाली गेला की बारा फुटांचा गट एकाने टायपिंग केलं तरी हलतो. प्रत्येक पायाला खाली पेचाचा लेव्हलर हवा, कारण टाइल्सना उतार असतोच.

पार्टिकल बोर्डचे शत्रू दोन: पाणी आणि पुन्हापुन्हा खोलणं. ओलं फडकं खालच्या कडेला लागून लागून बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. म्हणून कपाटाचा तळ जमिनीला टेकू देऊ नका, ४ इंचांचे पीव्हीसी पाय आणि पुढे काढता येणारी पट्टी घ्या. आणि मिनिफिक्सचे (फिरवून आवळायच्या लपलेल्या पेचांचे) सांधे दोनदा उघडून जोडले की भोकं सैल पडतात. जागा भाड्याची असेल आणि हलवायची शक्यता असेल तर लोखंडी चौकटीवरचा टॉप ठीक, पण बोर्डच्या बोर्डवर उभी राहणारी टेबलं नकोत.

सुताराकडे प्लाय घ्याल तर भवानी पेठेत टिंबर मार्केटला स्वतः जाऊन शिक्का बघा. आयएस ३०३ मध्ये एमआर (दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार येतात, कोटेशनमध्ये नुसतं 'आयएसआय प्लाय' लिहिलं असेल तर मिळतो तो स्वस्तातला एमआर. पॅन्ट्रीत सिंकखाली आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. वरून १ मिमी लॅमिनेट लावलं की आतल्या बाजूलाही ०.८ चं लावलंच पाहिजे. एकाच बाजूला लावलेलं दार पावसाळ्यात कमानीसारखं वाकतं, मग बिजागऱ्या कितीही पिळा, फट राहतेच.

प्रतिसाद ५: पटलावरचा_पॉइंट

फर्निचरची ऑर्डर जाण्याआधी वायरिंगचा नकाशा हवा. इथे टेबलं भिंतीपासून ४ फूट सुटी आहेत, म्हणजे वीज आणि लॅन (संगणकांच्या नेटवर्कची वायर) तिथपर्यंत नेणं हाच खरा प्रश्न.

तीन रस्ते आहेत. छतातून खाली येणारा खांब: पटकन होतो, दिसायला खराब, पण टाइल्सना हात नाही. जमिनीवर चिकटवायचा चपटा अ‍ॅल्युमिनियमचा रेसवे (वायर झाकणारी पोकळ पट्टी): उत्तर भिंत ते टेबल ही ४ फुटांची पट्टी चालण्याची आहे, तिथे ठेच लागणार, खुर्चीची चाकंही अडणार. तिसरा, टाइल्स काढून खालच्या मसाल्यात पाइप पुरणे. मी हाच सुचवेन. टाइलखाली साधारण ५० मिमी मसाला मिळाला तर २५ मिमीचा पाइप बसतो. स्लॅबला छिन्नी लावायची नाही. मालकाची आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

पाइप किती? एका २५ मिमी पाइपात आरामात लॅनच्या ५ कॅट-६ केबल जातात. कोंबल्या तर आठ जातील, पण पुढे एक बदलायची वेळ आली की ओढताना बाकीच्यांचं वेष्टन सोलतं. माणशी दोन लॅन पॉइंट धरले तर सहाजणांच्या गटाला १२ केबल, म्हणजे ३ पाइप. शिवाय यूपीएसच्या विजेला एक, कच्च्या (यूपीएसविना थेट येणाऱ्या) विजेला एक. गटामागे ५ पाइप. वीज आणि डेटा एका पाइपात कधीच नाही. टेबलाखालच्या ट्रेमध्येही मध्ये पत्र्याची भिंत असलेला दोन कप्प्यांचा ट्रे मागा, आणि ओलांडायचंच झालं तर काटकोनात ओलांडा.

माणशी यूपीएसचे ३ सॉकेट (लॅपटॉप, मॉनिटर, एक शिल्लक) आणि दोघांत एक कच्चा. मोबाइलचे चार्जर यूपीएसवर लागतात म्हणून ओरडून उपयोग नाही, सॉकेट कमी असतील तर तेच होणार.

भार: लॅपटॉप ६५ वॅट आणि मॉनिटर ३० धरून माणशी सुमारे १०० वॅट. बाराजणांचे १२००, नेटवर्क आणि कॅमेरे मिळून पंधराशेपर्यंत. ३ केव्हीए यूपीएस पुरतो. डेस्कटॉप असतील तर माणशी २०० धरा आणि ५ केव्हीएकडे जा. लेझर प्रिंटर कच्च्या विजेवरच. त्याचा हीटर सुरू होताना एकदम भार घेतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

कॉन्फरन्स टेबलाखालचा जमिनीतला पॉइंट विसरतात. त्याची जागा टेबलाच्या मधोमध नको, पायाजवळ घ्या, म्हणजे वायर पायाच्या आतून वर जाते.

प्रतिसाद ६: जमाखर्च

हे कोणी सांगितलंच नव्हतं. माणशी तीन ड्रॉवरचं पेडेस्टल (टेबलाखालचं छोटं कपाट) कोटेशनमध्ये आहे. ठेवू?

प्रतिसाद ७: आखीवरेखीव

साडेतीन फुटी टेबलांना नको. ४२ इंचांतून पायांचे ४ आणि पेडेस्टलचे १६ गेले की गुडघ्यांना २२ इंच उरतात. माणूस तिरका बसतो आणि पाठ धरते. ४ फुटी टेबलाखाली २८ इंच उरतात, तिथे चाकांचं पेडेस्टल चालेल. तेही वरचा ड्रॉवर उघडल्यावर पुढे कलंडू नये म्हणून खाली पाचवं चाक असलेलं.

आर्टिकलना लॉकर द्या. १२ इंच रुंद, १५ इंच उंच खण, तीन ओळी चार थर. ३ फूट रुंद आणि ५ फूट उंच कपाटात बारा खण होतात. पॅन्ट्रीच्या भिंतीला लावा.

प्रतिसाद ८: बैठक_मारलेला

खुर्च्यांबद्दल. एकूण पैशांतून कुठे कापायचं असेल तर केबिनच्या टेबलावर कापा, खुर्चीवर नको. टेबल बिघडत नाही. खुर्ची बिघडते आणि माणसालाही बिघडवते.

बघायच्या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने.

सीटची सगळ्यात खालची उंची. बऱ्याच खुर्च्या ४५० मिमीच्या खाली येत नाहीत. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे पाय मग लोंबतात, मांडीखाली दाब येतो, ती पुढे सरकून कडेवर बसते, आणि कंबरेचा आधार कितीही चांगला असला तरी पाठ त्याला टेकतच नाही. ४१०-४२० पर्यंत येणारी खुर्ची मागा, नाही मिळाली तर पायाखाली पाट. टेबलाची उंचीही ७५० ऐवजी ७२०-७३० मिमी सांगा. कारखान्याला काही फरक पडत नाही, फक्त ऑर्डरच्या आधी सांगावं लागतं.

हाताच्या दांड्या. टेबल ७३० मिमी, टॉप २५, खाली बीम ५०. उरतात ६५५. दांडी सर्वात खाली आणल्यावर ६५५ पेक्षा वर राहत असेल तर खुर्ची टेबलाखाली जाणार नाही. मग तुमच्या ४ फुटी वाटेतला एक फूट तिथेच गेला. बीम मागच्या बाजूला सरकवलेली असेल तर हा प्रश्न सुटतो. ड्रॉइंगमध्ये बीमची जागा बघा.

यंत्रणा. नुसती मागे झुलणारी खुर्ची झुलताना सीटची पुढची कडही उचलते आणि टाचा सुटतात. सिंक्रो टिल्टमध्ये पाठ जास्त आणि सीट कमी झुकते. दिवसभर बसणाऱ्यांना सिंक्रो, कॉन्फरन्सला साधी चालेल.

गॅस लिफ्ट (सीट वरखाली करणारा सिलिंडर) क्लास ४. स्वस्त सिलिंडरचं सील गेलं की खुर्ची बसल्याबसल्या खाली येते, आणि नवा सिलिंडर घालताना जुना बेसमध्ये इतका घट्ट बसलेला असतो की बेसच फुटतो.

चाकं. तुमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, तेव्हा पीयूची (पॉलियुरेथेनची) मऊ चाकं मागा. कडक नायलॉनची चाकं गालिच्यासाठी असतात. टाइल्सवर ती आवाज करतात आणि खुर्ची उठताना मागे पळते.

फोम साच्यातला हवा. मोठ्या ठोकळ्यातून कापून कापड गुंडाळलेला फोम लवकर बसतो, विशेषतः मागच्या निम्म्या भागात. पाठीला जाळी छान, पण सीटलाही जाळी असेल तर पुढची चौकट मांडीला टोचते का ते तासभर बसून बघा. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून सगळ्याच खुर्च्या आवडतात. एक नमुना ऑफिसात मागवा आणि सर्वात बुटक्या व सर्वात वजनदार माणसाला दिवसभर वापरू द्या.

कागदावर आयएस १७६३१ किंवा बिफ्मा एक्स ५.१ (अमेरिकन) या खुर्च्यांच्या मानकाचा चाचणी अहवाल मागा, तोही त्याच मॉडेलचा. वॉरंटी यंत्रणा, सिलिंडर, जाळी आणि चाकं या चौघांची वेगवेगळी लिहून घ्या.

प्रतिसाद ९: कॉलमबीम

कॉम्पॅक्टरवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नको.

भरलेली बॉक्स फाइल अडीच ते तीन किलो. सातशे फायली म्हणजे जवळपास दोन टन, नुसता कागद. कॉम्पॅक्टर हे सगळं ५० चौरस फुटांत आणतो, म्हणजे चौरस मीटरला ४०० किलोच्या वर, त्यात लोखंडाचं वजन वेगळं. आयएस ८७५ भाग २ प्रमाणे फायलींची साठवण वेगळ्या खोलीत असेल तर ऑफिसच्या खोलीचा चल भार (माणसं आणि सामान यांचं धरायचं वजन) २.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २५० किलो. स्वतंत्र साठवण नसेल तर ४ किलोन्यूटन, दस्तऐवजांच्या खोलीला ५. तुमचा स्लॅब कशासाठी काढलाय हे इमारतीच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरच कळेल. पेठांमध्ये फ्लॅटचं ऑफिस केलेलं असतं तिथे तर हिशेब २ किलोन्यूटनचा असतो.

त्याऐवजी वजन भिंतीलगत पसरवा. दक्षिण भिंतीत केबिनमध्ये प्रत्येकी तीन आणि कॉन्फरन्समध्ये चार, अशी २ फूट ११ इंचांची दहा कपाटं बसतात. फळीची आतली उंची ३७५ मिमी ठेवली की फुलस्केप फाइल उभी राहते. पाच फळ्या धरून कपाट ६ फूट १० इंचांच्या वर थोडंसं. ८० मिमीच्या दहा फायली एका फळीवर. म्हणजे कपाटात ५०, दहात ५००. यूपीएसच्या खोलीत आणखी दोन कपाटं, १००. सर्वात जुन्या शंभर फायली बाहेर ठेवा किंवा परत करा. कंपन्यांची पुस्तकं कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे आठ वर्षं सांभाळायची जबाबदारी कंपनीची आहे, तुमच्या कपाटाची नाही.

एका फळीवर ३० किलो येतात. १८ मिमी प्रीलॅम एवढ्या लांबीत सहा महिन्यांत पोटाला वाकतो. २५ मिमी फळी घ्या किंवा मध्ये उभी फळी घाला. कपाटं भिंतीला वरून दोन ठिकाणी ठोकून घ्या. आणि तरीही ड्रॉइंग घेऊन एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, कारण बीम कुठून गेलीय ते फोरमवरून दिसत नाही.

प्रतिसाद १०: आखीवरेखीव

कपाटांची खोली १४ इंच धरून केबिनमध्ये बसवून पाहिलं: १० फुटांतून पार्टिशनचे ४ इंच आणि कपाटाचे १४ इंच गेले की साडेआठ फूट. खुर्चीला ३, टेबल अडीच, समोरच्यांना ३. बरोबर बसतं, पण ३ फूट खोलीचं भव्य टेबल विसरा. कॉन्फरन्सलाही तेच, टेबल ६ फूट × अडीच फूट. ३ फूट रुंद घेतलं तर भिंतीकडचा माणूस बाहेर यायला बाकीच्यांना उठवणार, आणि कपाटाची दारंही उघडणार नाहीत. तिथे सरकती दारं घ्या.

प्रतिसाद ११: मांडवीपार

पुण्यात चालेल, पण हा धागा कोकणातले लोकही वाचतील म्हणून: रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे भिंतीला टेकवून पार्टिकल बोर्ड लावू नका. पाठीमागे इंचभर हवा खेळू द्या. लोखंडी पायांत जोडाच्या आतल्या बाजूला पावडर कोटिंग पोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. वेल्डिंग कोटिंगच्या आधी पूर्ण घासलंय का ते बघा, पाइपची टोकं टोपीने बंद हवीत. कुलपं आणि स्क्रू स्टेनलेसचे.

प्रतिसाद १२: राइनकाठ

गंमत म्हणून: जर्मनीतल्या कामाच्या जागांच्या नियमात (एएसआर ए १.२) पहिल्या जागेला ८ चौरस मीटर आणि पुढच्या प्रत्येक जागेला किमान ६ धरतात. चौदाजणांचे झाले ८६. तुमची अख्खी जागा ८३.६. मात्र तिथला एक नियम उचलण्यासारखा आहे: खुर्चीपाशी प्रत्येकाला दीड चौरस मीटर मोकळी जमीन, कुठल्याही बाजूला एक मीटरपेक्षा कमी नाही. वरच्या आराखड्यात उत्तरेचे ४ फूट एक मीटरच्या अटीत बसतात, दीड चौरस मीटरला मात्र थोडे कमी पडतात.

प्रतिसाद १३: कानोसा

आवाजाचं लिहायचं राहिलंय. टाइल्स, काच आणि जिप्सम, तिन्ही आवाज परतवणारे.

टेबलांमधला पडदा जमिनीपासून १२०० मिमी घ्या. बसलेल्याचे डोळे साधारण ११५०-१२०० वर असतात, म्हणजे समोरासमोर टक लागत नाही आणि मान वर केली की बोलता येतं. १४०० केला तर खोली कप्प्याकप्प्यांची दिसते आणि खिडकीचा उजेडही अडतो. काचेऐवजी कापडाचा पडदा, टाचणी टोचता येईल असा.

केबिन आणि कॉन्फरन्सचं पार्टिशन फॉल्स सीलिंगला थांबवू नका, वर स्लॅबपर्यंत न्या आणि आत रॉकवूल भरा. सीलिंगवरून आवाज पलीकडे उतरतो. क्लायंटची नोटीस शेजारच्या केबिनमध्ये ऐकू येणं सीए ऑफिसला परवडत नाही. दाराखालची फट बंद करणारी पट्टीही लावा, नाहीतर वरचा सगळा खर्च फुकट.

उजेड: टेबलावर ३०० ते ५०० लक्स. दिव्यांच्या रांगा टेबलांना समांतर. टॉप मॅट आणि फिक्या लाकडी रंगाचा. चकचकीत पांढरा टॉप डोळ्यात चमकतो. पश्चिमेला ३ टक्के ओपननेसचे (विणीत तेवढी जागा उघडी असलेले) रोलर ब्लाइंड घेतले तर ऊन अडतं आणि बाहेरचं दिसतंही.

प्रतिसाद १४: वहीखातं

धागाकर्तीला सांगायची गरज नाही, पण इतरांसाठी. सुटं फर्निचर आणि भिंतीत बसवलेलं काम यांची बिलं वेगळी घ्या. सुट्या टेबल-खुर्च्यांवरच्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळतं. पार्टिशन आणि सीलिंग एकाच 'इंटिरिअरचं काम' अशा बिलात आलं की जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) चा, म्हणजे क्रेडिट नाकारण्याचा, वाद उभा राहतो. घसारा फर्निचर-फिटिंगला १० टक्के, संगणकाला ४० टक्के. वर्कस्टेशनच्या बिलात मॉनिटर आर्म आणि नेटवर्क घुसडू देऊ नका.

प्रतिसाद १५: जमाखर्च

दोन कोटेशन मागवते आहे. तुलना करताना काय बघू? आणि कामाचा क्रम?

प्रतिसाद १६: रंधा

कोटेशन 'प्रति सीट' घेऊ नका. त्यात कोण काय धरतो हे कधीच सारखं नसतं. टॉपची जाडी, एजबँडची जाडी, पाइपचं माप आणि जाडी, पडद्याची उंची, वायर ट्रे एकेरी की दोन कप्प्यांचा, सॉकेटची पट्टी आत की बाहेर, हमाली, तिसऱ्या मजल्यावर चढवणं, बसवणूक, जीएसटी. हे सगळं ओळीने लिहून दोघांनाही तेच पाठवा. ८ फुटी शीट किंवा ६ फुटी काचेचा टॉप लिफ्टमध्ये जातो का, जिन्याच्या वळणावर फिरतो का, हे त्यांच्या माणसाला येऊन बघायला लावा.

क्रम: आधी माप. भिंती काटकोनात आहेत का ते कर्णाने बघा, ३६ × २५ चा कर्ण ४३ फूट १० इंच यायला हवा. दोन्ही कर्णांत इंचापेक्षा जास्त फरक आला तर कपाटांची मापं प्रत्येक भिंतीला तीन ठिकाणी घ्या आणि कडेला झाकपट्टी धरा. मग जमिनीवर मास्किंग टेपने पूर्ण आराखडा आखा, खुर्च्या ओढलेल्या स्थितीत. भागीदारांना त्यातून चालवा. मग जमिनीतले पाइप, टाइल्स परत बसवणं, पार्टिशनचे सांगाडे, वरचं वायरिंग, सीलिंग, रंगाचा पहिला हात. सुताराची कपाटं त्यानंतर. रंगाचा शेवटचा हात झाला की मोड्युलर. खुर्च्या सगळ्यात शेवटी, नाहीतर रंगारी त्यांच्यावरच उभा राहतो.

मोड्युलरची ऑर्डर टेप आखल्यावर द्या, पण पार्टिशन उभं राहायची वाट बघू नका. कारखान्याला वेळ लागतो.

शेवटचे १० टक्के पैसे बसवणुकीनंतर महिन्याने द्यायचं आधीच ठरवा. लेव्हल, ड्रॉवरचे चॅनल आणि एजबँडचे कोपरे महिनाभर वापरल्यावरच बोलायला लागतात. आणि वापरलेल्या लॅमिनेटची त्याच लॉटमधली एक शीट मागून कपाटामागे उभी ठेवा. पुढच्या वर्षी एक टेबल वाढवायची वेळ आली की तोच नंबर मिळतो, रंग मात्र मिळत नाही.